दुखणं अंगावर काढायचं कुणी आणि किती

प्रश्न एका विद्यार्थिनीचा आहे, इथलीच सोलापूरची, बीएला समाजशास्त्र घेतलंय. तिनं विचारलंय की पुस्तकात एक वाक्य आहे, बायका जास्त आजारी पडतात आणि पुरुष लवकर मरतात, तर हे खरं आहे का, खरं असेल तर शरीरामुळं का समाजामुळं, आणि आपल्या सोलापुरातलं काही उदाहरण देता येईल का.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. वैद्यकीय समाजसेविका म्हणून २४ वर्षं झाली, आधी टीबीच्या कामात होते, नंतर हॉस्पिटलात. म्हणजे डॉक्टरांनी औषध लिहून दिल्यावर पेशंट ते का घेत नाही, मधेच घरी का पळून जातो, ऑपरेशनला सही कोण करणार, पैसे कुठनं आणणार, हे सगळं आमच्या टेबलावर येतं. त्यामुळं उत्तर पुस्तकी कमी आणि टेबलावरचं जास्त असेल, चालवून घ्या.

एक गोष्ट कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलात संध्याकाळी पाच-सहाला जाऊन स्वतः बघा. पुरुषांच्या वॉर्डात प्रत्येक कॉटशेजारी कोण बसलंय? बायको. खाली चटई, डबा, पाण्याची बाटली, रात्री तिथंच झोपणार. आता बायकांच्या वॉर्डात या. शेजारी आई असेल, बहीण असेल, बारा-चौदा वर्षांची मुलगी असेल, पण नवरा फार कमी. तो येतो, डबा देतो, दारात उभा राहून "काय म्हणाले डॉक्टर" विचारतो आणि जातो. सगळेच नवरे वाईट असतात असं नाही, त्यातल्या कितीतरी जणांना आत बसायला खरंच लाज वाटते आणि वॉर्डातल्या मावश्याही त्यांना हाकलतात. पण तुमच्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे. आजारी पुरुषाची काळजी घ्यायला घरात एक माणूस ठरलेलं असतं. आजारी बाईची काळजी घ्यायला माणूस शोधावं लागतं, आणि शोधायचं काम पण बऱ्याचदा तिचं तीच करते.

मराठीत एक अडचण आहे. शरीरानं बाई का पुरुष, यालाही आपण लिंग म्हणतो आणि समाजानं बाईला-पुरुषाला लावून दिलेल्या वागण्यालाही पूर्वी तोच शब्द वापरायचो, म्हणून आता अभ्यासक लिंगभाव असा वेगळा शब्द वापरतात. शब्द कानाला जड आहे पण उपयोगी आहे. पाळी येणं हे लिंग. पाळीत बाजूला बसणं, किंवा आता बसत नाही पण मेडिकलवाला पॅड काळ्या पिशवीत घालून देतो, हा लिंगभाव. आणि आजारात दोन्ही असे मिसळलेले असतात की सोडवून दाखवणं अवघड.

रक्त कमी असण्याचंच घ्या. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत ५७ टक्के ॲनिमिक निघाल्या, पुरुषांत २५ टक्के. त्यात परत बायकांना मोजायची पट्टीच खाली आहे, बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं तर कमी, पुरुषाचं १३ च्या खाली. आता पाळीत रक्त जातं, बाळंतपणात जातं, हे शरीराचं झालं. पण जगात सगळीकडंच बायकांना पाळी येते आणि सगळीकडं निम्म्याहून जास्त बायका ॲनिमिक नाहीत. मग बाकीचं कुठनं आलं? शेवटी जेवायला बसण्यातनं आलं. भाकरी आणि शेंगाचटणी सगळ्यांना पुरते हो, पण डाळ, भाजी, अंडं असं काही असलं की ते आधी पोरांच्या आणि नवऱ्याच्या ताटात जातं, आणि हे कुणी सांगत नाही, दमदाटी तर अजिबात नसते, ती स्वतःच वाढून देते आणि भांड्याला लागलेलं पुसून खाते. मी एकीला विचारलं होतं, अक्का, अंडी आणली तर तुमच्या वाट्याला किती? ती हसलीच. म्हणाली, "मॅडम, मला अंडं आवडतच नाही." पुढं सहा महिन्यांनी ती अॅडमिट होती तेव्हा हॉस्पिटलच्या डब्यातलं उकडलेलं अंडं बाईंनी आवडीनं खाल्लं. आवड-नावड सुद्धा अशी घडवलेली असते.

आता आपला पूर्व भाग. अशोक चौक, कन्ना चौक, तिकडं विडी घरकुल, सगळीकडं दारात सूप घेऊन बसलेल्या बायका दिसतात. विड्या वळणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायकाच, आणि त्यातल्या कितीतरी तेलुगू बोलणाऱ्या. काम कसं चालतं ते बारकाईनं सांगते, कारण आजार त्या कामातच बसलाय. कारखान्यातनं पानं, तंबाखू, दोरा मोजून आणायचा, पानं भिजवायची, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापायची, मग मांडीवर सूप, सुपात तंबाखू, एक-एक पान घेऊन वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा गुंडाळायचा, पंचवीसचा कट्टा बांधायचा. मजुरी हजारावर. हजार विड्या झाल्या तर हजाराचे पैसे, आणि द्यायला गेल्यावर त्यातल्या काही छाट म्हणून बाजूला काढतात, त्या गेल्या. मांडी घालून, मान खाली, आठ-दहा तास. मधे उठायचं ते चूल, पाणी, पोरगं यासाठी. कंबर, मान, मनगट, डोळे आणि बोटांच्या टोकांना पडलेले घट्टे. तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते आणि निकोटिन हाताच्या कातडीतनंही आत जातं, म्हणून चक्कर, मळमळ.

आता गंमत बघा. सर्व्हेवाली येते, विचारते तंबाखू घेता का, ती म्हणते नाही. खरंच घेत नाही ती. वर सांगितलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात तंबाखू घेणारे पुरुष ३८ टक्के आणि बायका ९ टक्क्यांच्या आसपास आहेत, आणि आमची ही अक्का त्या न घेणाऱ्या ९१ टक्क्यांत जाऊन बसते, जिचे हात दिवसभर तंबाखूत असतात. शिवाय जी मिश्री लावते तीसुद्धा मिश्रीला तंबाखू धरत नाही, दात घासायचं म्हणून लावते. त्यामुळं आकडे बघताना प्रश्न कसा विचारला होता ते आधी बघायचं.

तुमच्या सिलॅबसमधे टॅलकॉट पार्सन्स असणार, अमेरिकन समाजशास्त्रज्ञ, त्यानं १९५१ मधे आजाऱ्याची भूमिका म्हणून एक कल्पना मांडली. थोडक्यात अशी की आजारी पडणं ही पण समाजानं दिलेली एक भूमिका आहे, तिच्यात दोन सवलती आहेत आणि दोन जबाबदाऱ्या. सवलत म्हणजे कामातनं सुट्टी मिळते आणि आजाराचा दोष तुमच्यावर येत नाही. जबाबदारी म्हणजे बरं व्हायची इच्छा पाहिजे आणि डॉक्टरकडं गेलं पाहिजे. कॉलेजात शिकताना मला हे एकदम पटलं होतं. नोकरीत आल्यावर पहिल्याच वर्षात लक्षात आलं की यात कुणीतरी गृहीत धरलंय, आणि ते म्हणजे महिन्याला पगार असणारा आणि घरी चहा करून देणारं माणूस असणारा पुरुष. विडी वळणारीला कामातनं सुट्टी कोण देणार? सुट्टी घेतली तर हजाराचे पैसे गेले. घरकामातनं तर सुट्टी हा शब्दच नाही. आणि दोष येत नाही म्हणता? मूल होत नसलं तर दोष कुणाचा येतो ते मी सांगायला नको, नवऱ्याची तपासणी करायची म्हटलं की सासू अशी बघते की मी शिवी दिलीय.

एकदा एकीच्या पाठीचा मणका दुखत होता, डॉक्टरांनी तीन आठवडे बेडरेस्ट लिहिली. मी पंधरा दिवसांनी घरी गेले. ती खरंच आडवी पडली होती, मला बरं वाटलं. मग बघितलं तर दाराशी तिची आठवीतली मुलगी मांडीवर सूप घेऊन बसलेली. शाळा? "आत्ता थोडे दिवस नाही जालाय ओ मॅडम, हजार कोण करणार." बाईला विश्रांती मिळाली ती दुसऱ्या बाईच्या, म्हणजे पोरीच्या, हिश्श्यातनं काढून. त्या मुलीला एक धाकटा भाऊ आणि एक मोठा भाऊ होता, दोघेही शाळेत-कॉलेजात गेलेले. कुणी वाईट नव्हतं त्या घरात.

आपल्याकडं यासाठी फार नेमका शब्दप्रयोग आहे, दुखणं अंगावर काढणं. कुठल्याच पाठ्यपुस्तकात इतकं नीट सांगितलेलं नाही. आणि माझं म्हणणं असं की बाई पण अंगावर काढते आणि पुरुष पण काढतो, फक्त कारणं वेगळी असतात, आणि म्हणून शेवटही वेगळे होतात.

पुरुषांचं आता. यावर कमी बोललं जातं आणि जेंडर म्हणजे बायकांचा विषय असं धरून चालतात, ते चूक आहे. २०१६ ते २० च्या आकड्यांनुसार भारतात पुरुषाचं सरासरी आयुर्मान ६८.६ वर्षं आणि बाईचं ७१.४. यात थोडा भाग शरीराचा आहे, पाळी जाईपर्यंत इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं हार्मोन हृदयाला काही प्रमाणात सांभाळतं वगैरे. पण हेही लक्षात घ्या की आपल्या देशात १९८० च्या सुमारापर्यंत हे उलटं होतं, बायका पुरुषांपेक्षा कमी जगायच्या. तीस-चाळीस वर्षांत शरीर बदलत नाही. बाळंतपणं कमी झाली, दवाखान्यात व्हायला लागली. २०१८ ते २० मधे महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागं माता मृत्यू ३३ पर्यंत खाली आले, देशात ९७. म्हणजे बाईचं जगणं वाढलं ते समाजानं एक गोष्ट नीट केली म्हणून.

पुरुषाचं तसं काही केलं नाही कुणी. यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणारा माणूस घ्या. खटखट-खटखट इतका आवाज की शेजारच्याशी खुणेनं बोलायचं. वीस वर्षांत कान जातो, पण हळूहळू जातो म्हणून त्याला कळत नाही. हे लोक केसपेपरच्या खिडकीवर मोठ्यानं बोलतात, खिडकीवरच्याला वाटतं हा पिऊन आलाय किंवा भांडायला आलाय, आणि तो पण वरच्या पट्टीत सुरू होतो. मी कित्येकदा मधे पडलेय. त्याला सांगावं की कान तपासून घ्या, तर म्हणतो, "मला काय झालंय? ऐकू येतंय की." छातीत दुखायला लागलं तरी आधी गॅस. सोडा पिणार, ओवा खाणार, आणि मग स्वतःच गाडी चालवत येणार. एक जण हार्ट अटॅक सुरू असताना अक्कलकोट रोडवरनं स्वतः बाइक चालवत आला, मागं पोरगा बसलेला, पोराला गाडी येत होती! का नाही दिली त्याला चालवायला? त्यालाच माहीत नाही. "मी असताना तो कशाला चालवेल."

हे जे मी असताना आहे ना, यालाच रेविन कॉनेल वगैरे अभ्यासक वर्चस्ववादी पुरुषत्व म्हणतात. सोप्या भाषेत, दुखतंय म्हटलं की आपण कमी पडलो. रडायचं नाही, थकलो म्हणायचं नाही, दवाखान्यात जाणं म्हणजे बायकी काम. दारू आणि मावा मात्र चालतात, उलट ती पुरुष असल्याची खूणच. गुटखाबंदी २०१२ पासून आहे, मावा कोपऱ्या-कोपऱ्यावर मळून मिळतो, आणि तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही अशा अवस्थेत बत्तीस-पस्तिशीची पोरं येतात. त्यांच्यात मैत्री टपरीवरच होते, सगळे खातात आणि एकानं सोडला की बाकीचे म्हणतात बायकोला घाबरला. व्यसनमुक्तीचं कितीही भाषण द्या, त्या एका वाक्यापुढं ते टिकत नाही.

मन तर सोडूनच द्या. २०२२ मधे देशात १,७०,९२४ आत्महत्यांची पोलिसांत नोंद झाली, त्यात शंभरातले जवळपास ७२ पुरुष, आणि एकूण आत्महत्यांतला पाव भाग रोजंदारीवरच्या माणसांचा. काम गेलं, कर्ज झालं, घरात मिळवता मीच, मग मी कुणाला सांगू. बाई निदान शेजारणीकडं जाऊन रडते, नळावर बोलते, माहेरी चार दिवस जाते. पुरुषाला दारूच्या गुत्त्याशिवाय रडायला जागा नाही. एक मात्र सांगते, बायका आत्महत्या कमी करतात म्हणून त्या सुखात आहेत असा अर्थ काढू नका. स्टोव्हचा भडका उडाला म्हणून भाजून आलेल्या तरण्या पोरी ज्यांनी बर्न्स वॉर्डात बघितल्यात त्यांना विचारा, स्टोव्ह नेमका सुनेच्याच वेळी का भडकतो. आमच्या सुरुवातीच्या काळात असल्या केसेस आठवड्याला असायच्या. गॅस आल्यावर कमी झाल्या हे मात्र खरं.

बाईला बिनधोक आजारी पडायची एक वाट मात्र समाजानं ठेवलीय, अंगात येणं. एरवी जिचं कुणी ऐकत नाही तिच्या अंगात देवी आली की सासराही हात जोडून समोर बसतो, तिला खायला काय पाहिजे विचारतात, दोन दिवस कामाला लावत नाहीत. मी याची टिंगल करत नाही. लबाडी असते असंही नाही, त्या बाईला ते खरंच होत असतं. पण सुट्टी मिळायचा दुसरा रस्ता असता तर देवीला इतक्या वेळा यावं लागलं नसतं असं मला वाटतं.

आता डॉक्टरांकडं येते, कारण लिंगभाव फक्त घरात नसतो, दवाखान्यातही असतो. चाळिशीची बाई छातीत जड वाटतंय, थकवा आलाय, जबडा दुखतोय म्हणून आली की टेन्शन घेऊ नका, गोळी लिहून देतो. पुरुष तेच सांगत आला की लगेच ईसीजी. याला जुना इतिहास आहे. हिस्टेरिया हा शब्दच ग्रीकमधल्या गर्भाशयाच्या शब्दावरनं आला, म्हणजे बाईच्या मनाचं काहीही बिघडलं की खापर गर्भाशयावर. अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या यादीतनं तो आजार १९८० मधे काढला, पण आपल्याकडं अजून कुणाकुणाच्या तोंडात आहे. औषधांचं पण तसंच. १९७७ मधे अमेरिकेच्या औषध प्रशासनानं सांगितलं की मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना औषधाच्या सुरुवातीच्या चाचण्यांत घेऊ नका, हेतू चांगला होता, पोटातल्या बाळाला धोका नको. पण परिणाम असा की कितीतरी औषधांचा डोस पुरुषांच्या अंगावर ठरला. १९९३ ला तो नियम मागं घेतला. आणि २०१३ मधे कळलं, म्हणजे अधिकृतपणे मान्य केलं, की झोल्पिडेम नावाची झोपेची गोळी बाईच्या शरीरातनं हळू जाते, सकाळीही रक्तात उरते, म्हणून बायकांचा डोस १० मिलिग्रॅमवरनं ५ वर आणला. गोळी बाजारात येऊन वीस वर्षं झाली होती. इथं शरीराचा फरक खरा होता आणि समाजानं तो बघितला नव्हता, हे उदाहरण परीक्षेत लिहा, दोन्ही बाजू एकात येतात.

सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं ते पिशवीबद्दल. आमच्याकडं येणारी बाई गर्भाशय म्हणत नाही, पिशवी म्हणते. पिशवी म्हणजे काय, वापरायची, भरायची, काम झालं की टाकायची. अंगावरनं पांढरं जातं, कंबर दुखते, पाळी जास्त जाते, की पिशवी खराब झाली, काढून टाका, कॅन्सर होईल. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने इतके की हंगामात रस्त्यानं चालणं मुश्कील, आणि ऊस तोडायला बीडकडनं जोडपी येतात. जोडप्याला एक कोयता म्हणतात, दोन माणसं मिळून एक कोयता, हिशेबात बाई वेगळी नाहीच. उचल आधीच घेतलेली, एक दिवस कामावर नाही आलं तर खाडा, त्याचे पैसे कापतात. फडात संडास नाही, पाणी नाही, पाळी आली तर बदलायला जागा नाही. मग पाळीच नको. २०१९ मधे यावर बोंब झाली, सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांचा सर्व्हे झाला, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती. कितीतरी तिशी-पस्तिशीतल्या. पिशवी काढल्यावर, त्यात अंडाशयही काढलं असेल तर जास्तच, हाडं लवकर ठिसूळ होतात, अंगातनं वाफा येतात, हृदयाचं संरक्षण जातं. पण खाडा पडत नाही. याला डॉक्टरचा लोभ जबाबदार का मुकादम का नवरा का बाईचं अज्ञान, असं विचारतात लोक. माझ्या मते हा प्रश्नच एका माणसावर बोट ठेवायच्या घाईचा आहे. त्या बाईनं पूर्ण शहाणपणानं हिशेब केलेला असतो, फक्त त्या हिशेबातला खर्च दहा वर्षांनी येणार असतो.

आणि याची दुसरी बाजू आपल्याच जिल्ह्यात आहे, बार्शीला. तिथल्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या लोकांनी टाटा मेमोरियलबरोबर शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमधे, १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर मोठा अभ्यास केला. सव्वा लाखांवर बायका, वय ३० ते ५९. निष्कर्ष २००९ मधे आला आणि जगभर गाजला, ज्या व्हायरसमुळं हा कॅन्सर होतो त्या एचपीव्हीची एकदाच केलेली तपासणी, तेवढ्यानं या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. म्हणजे पिशवी काढायची गरज नाही, एकदा तपासून घ्यायची गरज आहे. आणि हा व्हायरस येतो कुठनं? बहुतेक वेळा नवऱ्याकडनं. जिनं आयुष्यात दुसऱ्या पुरुषाकडं बघितलं नाही तिला होतो आणि मग ऐकावं लागतं तिलाच. तपासणीला चला म्हटलं की पहिला प्रश्न, तिथं बाई डॉक्टर आहे का, दुसरा, यांना विचारून सांगते.

गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी १९८९ मधे छापलेला अभ्यास तर प्रत्येकानं वाचावा असा आहे. दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, ९२ टक्क्यांना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. तोपर्यंत बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि ऑपरेशन एवढंच सरकारी खात्याला माहीत. तसं अजून फार बदललं नाही, २०२२ मधे आपल्या राज्यात मोहीम निघाली तिचं नावच बघा, माता सुरक्षित तर घर सुरक्षित. मोहीम चांगली होती, मी स्वतः त्यात राबलेय, पण जिला मूल नाही, जिचं लग्न नाही, जी साठ वर्षांची विधवा आहे, तिनं कुठल्या नावानं यायचं? आणि घर सुरक्षित राहावं म्हणून तिनं बरं व्हायचं, तिला बरं वाटावं म्हणून नाही.

ऑपरेशनवरनं आठवलं. कुटुंब नियोजनात नवऱ्याची नसबंदी वीस मिनिटांची, टाका नाही. बाईचं ऑपरेशन पोट उघडून किंवा दुर्बिणीनं. तोच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हे सांगतो की देशात ३७.९ टक्के विवाहित बायकांचं ऑपरेशन झालंय, पुरुषांचं ०.३ टक्के जोडप्यांत. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, ६२ लाख पुरुषांची नसबंदी केली, कितीतरी जबरदस्तीनं, त्या भीतीनं नंतरच्या सगळ्या सरकारांनी पुरुषाचं नाव काढायचं सोडलं आणि सगळा भार बायकांवर टाकला. ताकद जाते, ओझं उचलता येत नाही हे पुरुष सांगतात, आणि ऑपरेशन झालेली बाई आठव्या दिवशी हंडा उचलते.

दोन गोष्टी घाईत सांगून टाकते. एक, सगळं लिंगभावानंच होतं असं लिहू नका, मार्क कापतील आणि बरोबर कापतील. बंगल्यातल्या बाईचं आणि घरकुलातल्या बाईचं दुखणं एक नाही, जात आहे, पैसा आहे, वय आहे. सासू झाल्यावर त्याच बाईला आडवं पडायची मुभा मिळते, जी सून असताना नव्हती. दुसरं, तृतीयपंथी लोकांना विसरू नका. सुप्रीम कोर्टाचा निकाल २०१४ चा, कायदा २०१९ चा, पण अॅडमिट करायची वेळ आली की कुठल्या वॉर्डात टाकायचं यावर अर्धा तास वाद होतो आणि पेशंट स्ट्रेचरवर ऐकत असतो.

टीबीचं थोडं सांगते, कारण तिथं दोन्ही शेजारी-शेजारी दिसतं. गोळ्या त्याच, सहा महिने, फुकट. नवऱ्याला टीबी झाला की बायको डबीतनं गोळी काढून हातावर ठेवते, पाणी देते, अंडी उकडते. गोळ्या मधेच सोडायचा धोका त्याच्या बाजूला असतो, जरा बरं वाटलं की कामावर गेला, संध्याकाळी प्यायला. बायकोला टीबी झाला की पहिल्या महिन्यात माहेर. आणि लग्नाची मुलगी असेल तर तिची आई येऊन मला हळूच सांगायची, मॅडम घरी येऊ नका, आलात तर बचत गटाच्या म्हणून या. मी आलेय तशी बचत गटाची होऊन, पर्समधे गोळ्या घेऊन. ती पोरगी एकही दिवस न चुकवता कोर्स पूर्ण करायची, कुणाला कळू नये म्हणून. म्हणजे त्याच लाजेनं तिला निदानाला उशीर केला आणि त्याच लाजेनं तिला पूर्ण बरंही केलं. हे कुठल्या थिअरीत बसवायचं ते तुम्ही ठरवा, मला अजून जमलेलं नाही.

तर तुमचं वाक्य. बायका जास्त आजारी पडतात का? सांगतात जास्त, असं म्हणणारे अभ्यासक आहेत, बाईला दुखतंय म्हणायला कमीपणा वाटत नाही म्हणून. परदेशातल्या आकड्यांवर ते ठीक असेल. आपल्याकडं मला उलटं दिसतं, बाई शेजारणीला सांगते, आईला सांगते, देवाला सांगते, फक्त जो पैसे देणार आणि गाडीवर बसवून नेणार त्याला सांगत नाही, आणि आजार मोजला जातो तो तिथनं पुढं. काम थांबलं की आजार, तोपर्यंत नुसतं दुखणं.

प्रोजेक्ट करणार असाल तर प्रश्नावली घेऊन घरोघरी फिरू नका, नवरा समोर बसतो आणि सगळी उत्तरं तोच देतो. कुठल्याही हॉस्पिटलची रीतसर परवानगी काढा आणि केसपेपरवरचा मोबाईल नंबरचा रकाना बघा, नाव-नंबर लिहून न घेता नुसतं मोजा. पुरुषाच्या केसपेपरवर कुणाचा नंबर आहे, बाईच्या केसपेपरवर कुणाचा आहे. आमच्याकडं रिपोर्ट आला की आम्ही फोन करतो, फोन नवरा उचलतो किंवा मुलगा, "ती बरी आहे आता, गरज नाही" म्हणतो आणि ठेवतो. एकदा मी चिवटपणे म्हटलं की त्यांना फोन द्या, त्यांच्याशीच बोलायचंय. मागनं सुपात तंबाखू हलवल्याचा आवाज येत होता. तो म्हणाला, "आत्ता नाही ओ, हात रिकामा नाही तिचा."